प्रत्येक देशात जाऊन तिथला एक नाच शिकायचा: ठाण्याहून निघताना काय तयारी लागते?

उपवनकाठी | धागा सुरू

कथक विशारदपर्यंत झालेलं, नोकरी चालू, ती सोडायची नाही. जगातल्या प्रत्येक देशात जायचं आणि तिथला निदान एक नाच तिथल्याच माणसांकडून शिकायचा, असा बेत आहे. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि व्हॅटिकन व पॅलेस्टाइन हे २ निरीक्षक, असे १९५ देश धरले आहेत. वर्षाला तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण दोन आठवड्यांची.

स्वस्त तिकिटं आणि हॉटेलं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. नाचणाऱ्याला वेगळं काय लागतं ते एका जागी मिळत नाही. घुंगरू, कपडे, व्हिसा, जमीन, पाय, ताल, जे माहीत असेल ते सविस्तर लिहा. ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्याला उपयोगी पडेल असं.

तिहाई

आधी हिशेब मांडू. एका फेरीत तीन देश धरले तर वर्षाला नऊ, म्हणजे १९५ देशांना जवळपास बावीस वर्षं. हा आकडा मोठा वाटला तरी चांगला आहे, कारण घाई करायची गरज नाही हे त्यातून कळतं. मग क्रम नकाशावरून न लावता नाचाच्या पंचांगावरून लावा.

काही तारखा पक्क्या असतात. जपानमध्ये तोकुशिमा शहराचा आवा ओदोरी हा रस्त्यावरच्या नाचाचा उत्सव १२ ते १५ ऑगस्टला असतो. त्यात 'निवाका रेन' नावाचे खुले गट असतात, त्यांत बाहेरचा माणूसही तिथल्या तिथे थोडं शिकून मिरवणुकीत नाचू शकतो. ताल दोन मात्रांचा, सोपा. अडचण वेगळीच येते: ज्या बाजूचा पाय पुढे, त्याच बाजूचा हात पुढे. रोजच्या चालण्यात हात-पाय उलटसुलट जातात, त्यामुळे पहिला अर्धा तास शरीर ऐकत नाही. घरच्या पॅसेजमध्ये आठवडाभर तसं चालून बघा, पुष्कळ फरक पडतो.

स्पेनमध्ये सेव्हिलचा फ्लामेंकोचा बिएनाल, म्हणजे दोन वर्षांनी येणारा महोत्सव, सम वर्षी, सप्टेंबरच्या सुमारास. ब्यूनोस आयरेसला टँगोची जागतिक स्पर्धा आणि महोत्सव ऑगस्टमध्ये. रिओचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतो, पण माझं स्पष्ट मत असं की शिकायला येणाऱ्याने कार्निव्हलच्या आठवड्यात जाऊच नये. त्या दिवसांत शिकवायला कुणाला वेळ नसतो आणि राहण्याचे दर आभाळाला भिडलेले असतात. त्याआधीच्या महिन्यांत सांबा स्कूलांच्या तालमी चालतात, त्या बघा.

उलट काही तारखा टाळायच्या. बालीत न्येपीच्या, म्हणजे मौनाच्या सणाच्या, दिवशी २४ तास विमानतळसुद्धा बंद असतो, बाहेर पडता येत नाही. जर्मनीत बऱ्याच राज्यांमध्ये गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचावर कायद्याने बंदी असते. त्या दिवशीचा वर्ग किंवा पार्टी गृहीत धरू नका.

पामबीच

कागदपत्रांचं मी लिहितो.

पासपोर्ट ३६ पानांचा काढू नका. अर्जातच ६० पानांची पुस्तिका मागा, फीमध्ये फरक थोडाच आहे. आधीचा पासपोर्ट चालू असेल तर पानं संपत आल्यावर नवीन काढावा लागतो, जास्तीची पानं जोडून मिळत नाहीत. ठाणेकरांसाठी पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे.

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम नीट समजून घ्या, इथे बरेच जण चुकतात. कुठल्याही १८० दिवसांच्या खिडकीत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि ही खिडकी रोज पुढे सरकते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. समजा १ मार्च ते २९ एप्रिल राहिलात, तर ६० दिवस झाले. उरले ३०. मार्चचे दिवस एकेक करून सुटायला लागतात ते २८ ऑगस्टपासून. '६० झाले, परत आलो, आता नवे ९०' असं होत नाही. आणि व्हिसावर स्वतंत्रपणे जितके दिवस लिहिले असतील तितकेच. त्यात २९ देश येतात. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत, त्यांचे व्हिसा वेगळे.

सर्वांत महत्त्वाचं: पर्यटक व्हिसावर वर्गात बसून थोडे दिवस नाच शिकणं बहुतेक ठिकाणी चालतं, मंचावर कार्यक्रम करणं चालत नाही. मानधन घेतलं नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका. तिकीट लावलेला कार्यक्रम, हॉटेलातला कार्यक्रम, मंडळाचा दिवाळी मेळावा, या सगळ्याकडे अधिकारी 'काम' म्हणून बघू शकतो. अमेरिकेत पारंपरिक कलेच्या कार्यक्रमासाठी पी-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे आणि त्याचा अर्ज तिथल्या आयोजकाला करावा लागतो. सिंगापूरमध्ये रस्त्यावर कला सादर करायलाही राष्ट्रीय कला परिषदेचा परवाना लागतो. तेव्हा कुणी 'सहज दोन तुकडे करून दाखव' म्हणालं तर वर्गात दाखवा, जाहिरात लागलेल्या मंचावर नको.

पीतज्वराची लस विसरू नका. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी लागते. कार्ड दहा वर्षं चालतं.

सीवूड्स_पूर्व

पामबीच, दहा वर्षांचा नियम जुना झाला. जुलै २०१६ पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण टोचल्यानंतर १० दिवसांनी ते वैध होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य विभागांची केंद्रं आहेत. आधी वेळ ठरवून जा. कार्डावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा.

आणि ही लस फक्त तिकडच्या देशांसाठी नाही. सेनेगल, ब्राझील अशा ठिकाणांहून परत येताना कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे वय ६० च्या पुढे, गरोदरपण, अंड्याची ॲलर्जी असं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पामबीच

दुरुस्तीबद्दल आभार. वरचं दहा वर्षांचं वाक्य कुणी धरू नये.

उपवनकाठी

खूप उपयोगी. घुंगरांचं काय करायचं? शंभर-शंभरची जोडी आहे. केबिनमध्ये की सामानात?

तालमात्रा

आकारावर अवलंबून शंभराच्या जोडीचं वजन दोन-तीन किलोच्या घरात जातं. केबिनचं सात किलो धरलं तर जवळजवळ निम्मं तिथेच संपलं. शिवाय एक्स-रेमध्ये तो पितळेचा गच्च गोळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. म्हणून मोठी जोडी चेक-इनमध्ये आणि पन्नास-पन्नासची हलकी जोडी केबिनमध्ये, ही वाटणी चांगली. मोठी बॅग एखाद्या दिवसाने उशिरा आली तरी पहिला वर्ग बुडत नाही.

बांधणी तपासा. दोरीत प्रत्येक घुंगराला स्वतंत्र गाठ हवी. नुसते ओवलेले असतील तर दोरी एका जागी तुटली की सगळे घरंगळतात, आणि परक्या हॉलच्या अंधाऱ्या विंगेत शंभर घुंगरू शोधणं फार वाईट. दोरी जाड सुती घ्या. नायलॉन घामाने कुजत नाही हे खरं, पण गाठ सरकते आणि घोट्याला काचतं. दोरी तुटते ती बहुतेक वेळा टोकाच्या फासाजवळ, कारण दर वेळी ओढ तिथेच बसते. निघायच्या आधी तो भाग नखाने खरवडून बघा. तंतू सुटत असतील तर नवीन दोरी घालून घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारातून पाच मीटर दोरी आणि दहा सुटे घुंगरू बरोबर ठेवा.

नाचल्यावर घुंगरू लगेच पिशवीत कोंबू नका. दोरी घामाने ओली असते. ओलीच बंद केली तर पितळेवर हिरवं चढतं आणि दोरी आतून कुजते. रात्रभर पंख्याखाली पसरून, सकाळी गुंडाळी करून सुती पिशवीत. चिंच-लिंबाने घासायचं असेल तर दोरीतून काढून घासा, दोरीला आंबट लागू देऊ नका. चपला-बुटांच्या कप्प्यात ठेवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.

सीवूड्स_पूर्व

सामानाचंच चाललंय म्हणून पुरवणी.

पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्येच ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडवत नाहीत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. पट्टीवरचे आकडे पुसट झालेली नेऊ नका. सरावाला लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी सुरावट) वाजवणारा छोटा स्पीकरही बॅटरीचाच असतो, तोही हातात. केसांचा स्प्रे चेक-इनमध्ये, एक डबा ५०० मिलीपर्यंत. आलता बाटलीत नेऊ नका. बूच कितीही घट्ट असलं तरी विमानातल्या दाबाने पाझरतो आणि पांढऱ्या अंगरख्यावर गेलेला डाग निघत नाही. कोरडी पूड मिळते ती न्या.

लोकनृत्याचं सामान नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: मोरपिसं भारताबाहेर न्यायला बंदी आहे, मुकुटात किंवा पंख्यात लावलेलीसुद्धा. टिपऱ्या आणि लेझीम केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकूड, बांबू, पिसं, बियांच्या माळा, सगळं उतरताना फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलं तर बहुतेक वेळा बघून परत देतात. लपवलं तर दंड.

घोडबंदर_चेना

जमिनीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. नाचणाऱ्याचे पाय प्रवासाने कमी आणि जमिनीने जास्त जातात.

हॉलमध्ये शिरल्यावर आधी टाच उचलून एकदाच आपटा. 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि टाचेला झिणझिण्या आल्या, तर खाली स्लॅब आहे, वर लादी असो वा लाकडी दिसणारा पातळ थर. 'धप्' असा पोकळ आवाज आला आणि जमीन किंचित दबल्यासारखी वाटली, तर खाली वासे आहेत, तिथे निर्धास्त नाचा. स्लॅबवर रोज तासभर जोरात तत्कार (कथकमधलं पाय आपटण्याचं काम) केला की आठवड्याभरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. ते दुखणं 'सवय होईल' म्हणून रेटायचं नाही. रेटलं तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि मग दीड-दोन महिने बसून राहावं लागतं.

बाहेरच्या बऱ्याच स्टुडिओंमध्ये काळं-करडं विनाइल अंथरलेलं असतं. ते बॅले आणि समकालीन नाचासाठी. अनवाणी पायाला ते धरून ठेवतं, त्यामुळे चक्कर घेताना टाच फिरत नाही आणि गुडघ्याला पीळ बसतो. त्यावर पहिल्या दिवशी चक्कर निम्म्या करा. पावडर टाकून गुळगुळीत करू नका, स्टुडिओवाले संतापतात आणि त्यांचं बरोबर आहे, पुढच्या वर्गातला माणूस घसरतो. घुंगरू आणि फ्लामेंकोचे खिळ्यांचे बूट पुष्कळ स्टुडिओंत चालत नाहीत. जागा ठरवताना हे आधीच लिहून विचारा.

घरच्या सरावासाठी: आपल्याकडे सोसायटीचे क्लबहाउस म्हणजे स्लॅबवर लादी. चार बाय चार फुटी, १२ मिमी प्लायवूडचे दोन तुकडे एकावर एक, वरच्याचे रेषे आडवे येतील असे ठेवा. खाली १० मिमी फोम. स्क्रू वरून मारले तर डोकी खोल बसवून वर पुट्टी, नाहीतर तळव्याला लागतात. खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्रास कमी होतो.

सातमात्रा

आता तालाचं. कथक येणाऱ्याला ही सगळ्यांत मोठी पुंजी आहे आणि तीच आडवीही येते.

ग्रीसचा कालामातियानोस सात मात्रांचा आहे, ३-२-२. म्हणजे आपला रूपक ताल, विभागसुद्धा तोच. एका आवर्तनात तीन पावलं: पहिलं तीन मात्रांचं, पुढची दोन दोन-दोन मात्रांची. मूळ चाल १२ पावलांची, म्हणजे चार आवर्तनं. 'ती ती ना, धी ना, धी ना' मनात म्हणत पहिलं पाऊल लांबवा, पाच मिनिटांत बसतं.

बल्गेरियाची राचेनित्साही सात मात्रांचीच, पण २-२-३. इथे रूपक डोक्यात ठेवून गेलात की हमखास फसता, कारण लांब पाऊल शेवटी येतं. आपण पहिलंच लांबवतो आणि सगळी ओळ आपल्यामुळे अडखळते. त्यासाठी रूपकाचं नाव विसरून 'तक तक तकिट' म्हणा. तिथे ओळीत शिरायचं ते शेपटाला. पुढचा माणूस ओळ नेत असतो, त्याच्या आधी उभं राहणं म्हणजे मोठा अपमान. हात धरलेल्या दोघांच्या मधे घुसायचं नाही.

फ्लामेंकोत सोलेआ आणि बुलेरिआ या प्रकारांना १२ मात्रा. एकताल समजून १ वर सम मारू नका. जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर, म्हणजे पहिले दोन जोर तीन-तीन मात्रांनी आणि पुढचे दोन-दोन मात्रांनी. पहिले दोन दिवस पाय अजिबात हलवू नका, नुसत्या टाळ्या. आणि पायाचं तंत्र वेगळं आहे: आपण ताठ गुडघ्याने अख्खा तळवा आपटतो, तिथे गुडघा कायम किंचित मोडलेला, आणि तळवा, टाच, पूर्ण पाऊल हे तीन वेगळे आघात. ताठ गुडघ्याने खिळ्यांचे बूट आपटले तर तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात.

तिहाई

सातमात्रा यांनी दिलेल्या यादीत बाली घाला. कथकवाल्याची पाठ सरळ, खांदे सैल. बालीच्या 'आगम'मध्ये, म्हणजे उभं राहण्याच्या मूळ ठेवणीत, कंबर मागून आत, छाती पुढे, कोपरं खांद्याच्या उंचीला. दहा मिनिटांत मान अवघडते. उबुदला शिकवणारे पुष्कळ आहेत. वर्गाला कंबरेला कापड आणि वरून ओढणीसारखा पट्टा बांधूनच जायचं, ट्रॅक पँटवर नाही.

उपवनकाठी

टँगो एकटीला जमेल का? जोडीदार नेणं शक्य नाही.

सातमात्रा

एकटीनेच जा, ताई. ब्यूनोस आयरेसच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या रात्रीच्या बैठकांमध्ये, एकटे येणारे भरपूर. फक्त रीत पाळायची.

नाचायला तोंडाने विचारत नाहीत. लांबूनच नजर मिळवायची, समोरच्याने मान किंचित कलवली आणि तुम्ही नजर न वळवता होकार दिला की ठरलं. त्याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर फिरवायची, कुणाचाच अपमान होत नाही. तुम्ही जागेवरच बसून राहा, तो तुमच्यापर्यंत येतो. आधीच उठलात तर खुणा तुमच्या मागच्या बाईला होत्या असंही निघतं. गाणी तीन-चारच्या गटाने वाजतात, तो एक 'तांदा'. मधे वेगळ्याच संगीताचा तुकडा वाजला की सगळे जागेवर जातात. अर्ध्या तांद्यात 'ग्रासिआस' म्हणू नका. आपण सौजन्याने आभार मानतो, तिथे त्याचा अर्थ 'पुरे, आता नाचायचं नाही' असा होतो. फेर घड्याळाच्या उलट दिशेने.

पहिल्याच रात्री नाचायला उतरू नका. चार-पाच दिवस दुपारचे वर्ग, आणि एक मिलोंगा नुसता बसून बघायचा. बूट चामडी किंवा सुएड तळव्याचे. रबरी तळवा लाकडावर फिरत नाही आणि गुडघा जातो.

घोडबंदर_चेना

उंचीचं लिहायचं राहिलं. बोलिव्हियात ला पास साधारण ३,६०० मीटरवर आणि कार्निव्हलचं ओरुरो ३,७०० च्या आसपास. पहिले दोन-तीन दिवस नाच पूर्ण बंद. तिथे सोळा चक्करांनी येणारी भोवळ चक्करांची की उंचीची, हे ओळखता येत नाही, आणि हाच धोका. डोकेदुखी, मळमळ असेल तर खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारूनच.

विम्याची पॉलिसी वाचताना 'व्यावसायिक सादरीकरण' वगळलंय का ते शोधा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, पण नाचताना मुरगळलेला घोटा त्यात बसतो की नाही, हे एजंटकडून लेखी घ्या.

चेंदणीकर

एक मुद्दा कुणीच घेतला नाही. तुम्ही सगळीकडे शिकायला जाणार, तर बदल्यात द्याल काय? फेर धरणाऱ्या लोकांना कथकचे बोल दहा मिनिटांत देता येत नाहीत. फुगडी देता येते, आणि ती कुठेही चालते. पण शिकवताना नीट शिकवा.

दोघींनी समोरासमोर, पावलं जुळवून, चवडे चवड्यांना भिडतील इतक्या जवळ. हात कोपराशी सरळ, एकमेकांवर फुलीसारखे आडवे, आणि पकड बोटांची नको, पूर्ण पंजाची. बोटं धरली की घामाने सुटतात आणि दोघी मागे पडतात. शिकवताना होणारा अपघात बहुतेक हाच. मग दोघींनी एकाच वेळी मागे रेलायचं. जड बाई कमी रेलते, हलकी जास्त. चवडे जागेवर ठेवून बारीक पावलांनी फिरायचं. थांबताना वेग हळूहळू कमी करायचा, हात एकदम सोडायचे नाहीत. अंगठ्या, बांगड्या आधी काढायला सांगा.

दुसरं, कोळीनाच. वल्ह्याची हालचाल कुठल्याही समुद्रकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही. ठाण्यात राहता तर चेंदणी कोळीवाड्यात, नवी मुंबईत असाल तर दिवाळे किंवा सारसोळ्यात जाणत्या बायकांकडून नीट शिकून जा. रंगमंचावरच्या नाचात कंबर जास्त आणि वल्हं कमी असतं.

पामबीच

चेंदणीकरांच्या मुद्द्याला अनुमोदन. देशांच्या यादीबद्दल एक सांगतो. व्हॅटिकनसारख्या ठिकाणी शिकायला नाच नाही, तिथे फक्त भेट धरा. इराणमध्ये बाईने सार्वजनिक ठिकाणी नाचण्यावर बंदी आहे, अफगाणिस्तानात सध्या तर संगीतावरही निर्बंध. अशा देशांत हट्टाने रील काढलात, तर तुम्ही परत याल, पण तुम्हाला घरात शिकवणारी बाई अडचणीत येईल. तिचा चेहरा, घर, गल्ली काहीही कुठे टाकू नका.

सेनेगल मात्र लवकर करा. डाकारजवळ तुबाब दियालाव इथे जर्मेन आकोन्यी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली एकोल दे साब्ल ही संस्था आहे, आफ्रिकी नृत्यासाठी फार मोठं नाव. आणि साबार या तिथल्या ढोल-नाचाच्या ढोलकऱ्यांसमोर, एका हातात काठी, दुसरा हात उघडा असं वाजतं तिथे, रिंगणात एकेकाने शिरायचं असतं. कथकच्या सवाल-जवाबाचा कान असलेल्याला ते पटकन भिडेल.

उपवनकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली फेरी अशी मनात आहे: बुडापेस्ट, सोफिया, अथेन्स. जमेल का?

सातमात्रा

उत्तम निवड. तिन्ही शेंगेनमध्ये आहेत, बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे, म्हणजे एकच व्हिसा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

बुडापेस्टला तांत्सहाझ, म्हणजे नृत्यघर, ही १९७२ पासूनची परंपरा आहे. वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतो, संध्याकाळी आधी पावलं शिकवतात आणि मग सगळे नाचतात. नवख्याला याहून सोपी जागा नाही. सगळे क्लब उन्हाळ्यात चालू असतीलच असं नाही, तारखा त्यांना विचारून मगच तिकीट काढा.

सोफियासाठी २-२-३ आणि अथेन्ससाठी ३-२-२, निघायच्या आधी रोज दहा मिनिटं टाळीवर करा. एकाच दिवशी दोन्ही करू नका, मिसळतात. आठवडाभर एक, मग दुसरं. ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर बोटांनी केलंत तरी चालेल. पावलं त्यानंतर.